आधी मराठीत सांग

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनो,

सांताक्रूझच्या या जुहू आवारात आज सभामंडप भरून गेला आहे. 1921 साली या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर बाहेर पडल्या, तेव्हा त्या अवघ्या पाच जणी होत्या. 1916 मध्ये महर्षी कर्व्यांनी हे विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांची भूमिका स्पष्ट होती. मुलींना उच्च शिक्षण स्वभाषेतून मिळावं आणि जोडीला इंग्रजीही यावी. तुमच्यातल्या अनेकींना आता पुढे शोधनिबंध, प्रबंध इंग्रजीत लिहावे लागतील. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला त्याची जी धास्ती वाटते, तिच्याविषयीच मी बोलणार आहे.

माझी एक विद्यार्थिनी इथल्या जुहू कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहीत होती. तिच्या पहिल्या पानाची सुरुवात होती, ‘सिन्स टाइम इमेमोरियल’. पुढे चार ओळींचं एक वाक्य होतं. व्याकरणाची चूक नव्हती, पण अर्थही हाती लागत नव्हता. मी वही मिटली आणि म्हटलं, “तुला काय दिसलं, ते आधी मराठीत सांग.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बाई, होडी नवऱ्याच्या नावावर, म्हणून कर्जही त्याच्याच नावावर. पण हप्ता जातो तो तिच्या टोपलीतून.” तिथेच तिचा प्रबंध सुरू झाला. मग तिने इंग्रजीत लिहिलं, ‘द लोन इज इन हिज नेम, शी रिपेज इट.’ नऊ शब्द, आणि सगळे तिचे स्वतःचे.

मुलींनो, आपलं इंग्रजी लेखन बहुतेक वेळा शब्द कमी पडल्याने अडत नाही. काय म्हणायचं हेच ठरलेलं नसतं, तिथे ते अडतं. मग भीतीपोटी आपण पुस्तकातली वाक्यं उचलतो, दोन-तीन शब्द बदलतो आणि ठिगळं जोडत जातो. त्यापेक्षा वाचून झालं की पुस्तक मिटा, वाचलेलं मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा आणि मग लिहा. ज्याचा विचार घेतला, त्याचं नाव मात्र न विसरता द्या.

दोन्ही भाषांची चालही ओळखा. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये आपण खूप काही भरतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या शेजारी ठेवा. आपल्याला भूमिका बांधत बांधत शेवटी मुद्द्यावर यायची सवय असते. इंग्रजी निबंधाच्या वाचकाला मुद्दा बहुधा परिच्छेदाच्या सुरुवातीलाच हवा असतो. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, तेव्हा ते चुकणार. शेवटच्या वाचनात तेवढेच तपासा, पण त्यांच्या भीतीने पहिला खर्डा अडवू नका.

आणि खर्डा परत आला तर खचू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1922 मध्ये लंडनमध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो सुधारून आणायला सांगितला. मुंबईला परतून त्यांनी तो पुन्हा तयार केला. 1923 मध्ये त्यावर डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तकही निघालं. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची होती. आपल्याला यातले बहुतेक युक्तिवाद मान्य नाहीत, असं कॅनननी तिथे स्वच्छ सांगितलं, तरी विचारांच्या ताजेपणाला दाद दिली. मतभेद असलेल्या गुरूकडूनही दाद मिळते, ती स्वतःच्या विचाराला. उसन्या वाक्यांना ती कधीच मिळत नाही.

आज तुमच्या हाती पदवी आली आहे. उद्या तुमच्यातली कुणी शिक्षिका होईल, कुणी प्राध्यापक, कुणी घरातल्या धाकट्या बहिणीची ताई तर आहेच. एखादी मुलगी चुकांनी भरलेला इंग्रजी कागद घेऊन तुमच्याकडे येईल. त्यावर लाल रेघा मारण्याआधी तिला जवळ बसवा आणि विचारा, “तुला काय म्हणायचं आहे? आधी मराठीत सांग.” आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐका.