मुद्रा, मर्यादा आणि कुलचिन्ह

लग्नपत्रिकेवर किंवा घराच्या दारावर आपल्या कुळाचें एखादें चिन्ह असावें, अशी हौस पुष्कळांना असते. मग विलायती धर्तीची ढाल, तिच्या दोहों बाजूंस सिंह, वर मुकुट आणि खालीं एखादें संस्कृत वचन, अशी आकृति तयार होते. ही हौस वाईट नाहीं. परंतु या चिन्हानें आपण काय सांगणार आणि सांगितलेलें पाळणार कोण, याचा विचार आधीं व्हावयास हवा.

युरोपांत या विद्येचा उदय बाराव्या शतकांत झाला. चिलखत व शिरस्त्राण घातलेला योद्धा दुरून ओळखूं यावा म्हणून ढालीवर ठळक रंगांचीं चिन्हें काढीत. पुढें तीं वंशपरंपरेनें चालूं लागलीं. आपल्या संस्थानिकांच्या वांट्यास ही ढाल आली ती मुख्यतः १८७७ सालच्या दिल्ली दरबारांत. बंगालच्या मुलकी नोकरींतील रॉबर्ट टेलर यानें आंखलेलीं चिन्हें रेशमी निशाणांवर काढून तीं राजेरजवाड्यांस देण्यांत आलीं. चिन्ह दुसऱ्यानें दिलें, कीं त्याबरोबर आपली पायरीहि तोच ठरवितो.

नाशिककरांजवळ याहून फार जुना दाखला आहे. १९०६ सालीं जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षहरात राजा नहपान याचीं. एका बाजूस त्याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे: एकीकडे कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जयिनी-चिन्ह. अनेक नाण्यांवर जुना मुखवटा नव्या ठशाखालून अजून डोकावतो. विजेत्यानें स्वतःचा चेहरा मात्र तेथें घातला नाहीं. टेकडीभोंवतीं जें नांव कोरलें, त्यांत आईचें नांव पहिलें आहे. त्याच मातेचा, गौतमी बलश्रीचा, लेख पांडवलेण्यांत आजहि वाचावयास मिळतो.

आतां शिवाजीमहाराजांची मुद्रा पाहा. आकार अष्टकोनी, भाषा संस्कृत. आंत ना सिंह, ना तलवार. वडिलांची मुद्रा फारशी असतां पुत्रानें संस्कृत निवडली, हाच एक संकल्प होता. ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढणारी व लोककल्याणासाठीं शोभणारी आहे, असा तिचा आशय. पौर्णिमेचा चंद्र न घेतां प्रतिपदेची कोर घेतली, यांत केवढा विवेक आहे! पूर्ण चंद्राला यापुढें झिजणेंच उरतें. कोरीला मात्र वाढून दाखवावें लागतें. पत्राच्या शेवटीं दुसरा लहान शिक्का उमटे. त्यास मोर्तब म्हणत. येथें मर्यादा झाली, असें तो सांगे, आणि त्यापुढें कोणास अक्षर घुसडतां येत नसे. पहिला शिक्का अधिकार सांगतो, दुसरा त्या अधिकाराची सीमा.

आणि सामान्य गृहस्थाचें काय? त्याच्या घरींहि चिन्ह आहेच. महाराष्ट्रांतील अनेक कुळांत लग्नाआधीं देवक बसवितात: कुठें पंचपल्लव, कुठें कळंबाची डहाळी, कुठें मोराचें पीस. पुष्कळ ज्ञातींत सारख्या देवकाच्या घरांत सोयरीक होत नाहीं. म्हणजे हें चिन्ह नुसतें मिरवावयाचें नाहीं. तें कुळाला एका नियमानें बांधतें. कळंब ज्याचें देवक, तो कळंबावर कुऱ्हाड चालवीत नाहीं, ही जुनी समजूत कोणत्याहि मुकुटापेक्षां मोलाची आहे.

तेव्हां ज्यांना कुलचिन्ह करावयाचें असेल, त्यांनीं सिंह शोधण्याआधीं घरांतील वडीलधाऱ्यांना आपलें देवक विचारावें. घराण्याच्या हातून जें काम घडलें, तें आंत घालावें. घडावयाचें आहे, त्यासाठीं जागा मोकळी ठेवावी. आणि कोठेंतरी मर्यादेची एक रेघ अवश्य ओढावी. मुलांना त्या चिन्हाचा अर्थ समजला आणि त्याचा भार वाटला, तर तें कागदावर काढलें नाहीं तरी चालेल.