ब्रेकचे पेडल काय सांगते

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्याकडचे पिकअप रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कोणी माणिकगड पहाडावरच्या जिवतीहून खाली उतरतो, कोणी कोरपना-राजुऱ्याच्या जिनिंगकडे निघतो, कोणी चामोर्शीच्या बाजूने जंगलातून येतो. उतार, वळणे, समोरून सिमेंटचे आणि कोळशाचे ट्रक, मध्येच आडवी येणारी रोही नाहीतर रानडुकरे. अशा वेळी वर्षाचे पीक आणि गाडीतल्या माणसांचा जीव एका पेडलवर असतो. त्या पेडलविषयी आज बोलतो.

मी शेतकी कॉलेजात शिकलो, मिस्त्री नाही. हे ज्ञान अंगावर बेतल्यावर आले. काही वर्षांपूर्वी कापूस भरलेला पिकअप घेऊन मी पहाडावरून उतरत होतो. शेजारी दोघे बसलेले. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला तर पेडल पार खाली टेकले. भराभर चार-पाच वेळा दाबले, गियर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. कोणाला लागले नाही. पण चूक माझीच होती. दोन महिने ब्रेक ऑइल कमी होत होते. मी वरून ओतत राहिलो, ते जाते कुठे हे पाहिले नाही.

पऱ्हाटीवर लाल्या दिसला की आपण काय करतो? मॅग्नेशियम कमी पडले, तुडतुडे लागले, की रात्रीची थंडी वाढली, हे आधी पाहावे लागते. न पाहता फवारले तर पैसा जातो आणि लाल्या तसाच राहतो. ब्रेकचेही तसेच आहे.

पेडल दाबले की मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जोर पोहोचवते. तेल दाबून आक्रसत नाही, हवा आक्रसते. एवढे लक्षात ठेवले की पुढच्या खुणा समजतात.

पहिली खूण. पेडल मऊ, कापसाच्या गाठोड्यावर पाय दिल्यासारखे लागते. नळ्यांत हवा शिरली आहे. मिस्त्रीकडून चारही चाकांची हवा काढून घ्या. पण हवा शिरली कुठून, हेही त्याला शोधायला लावा.

दुसरी खूण. पाय दाबून धरला तरी पेडल हळूहळू खाली सरकत जाते. तेल कुठेतरी निसटते आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांवर आणि पेडलच्या मुळाशी ओल आहे का बघा. बाहेर कुठेच ओल नाही आणि डबीतले तेलही कमी होत नाही, तर मास्टर सिलेंडरच्या आतले रबर गेले असेल. ही गाडी भरायचीच नाही.

तिसरी खूण. पहिल्या दाबाला पेडल खाली जाते, दुसऱ्या दाबाला वर येते. बहुधा मागच्या ड्रममधले लायनर झिजले आहेत किंवा अंतर वाढले आहे. लायनर बघून अंतर जुळवून घ्या.

चौथी खूण. पेडल दगडासारखे घट्ट, जोर लावूनही गाडी थांबत नाही. बूस्टर तपासा. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो. नाही गेले तर बूस्टर, त्याची नळी किंवा व्हॅक्यूम पंप बघावा लागेल.

याच कारणाने उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झाले की दोन-तीन दाबांनंतर बूस्टरची मदत संपते. न्यूट्रलवरही उतरू नका. ज्या गियरमध्ये चढलात, साधारण त्याच गियरमध्ये उतरा.

आता तेलाचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा मुरला की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. सतत ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर तेवढी उष्णता होते, तेलात वाफ धरते आणि पेडल मऊ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदला. झाकणावर जे लिहिले असेल तेच, सीलबंद डबीतले घ्या. कधीची उघडी पडलेली डबी वापरू नका. इंजिन ऑइल तर थेंबभरही टाकू नका, त्याने आतली सगळी रबरे फुगतात.

वेगाचेही गणित ऐका. ताशी ३० ऐवजी ६० ने गेलात तर ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागते. वर भार जास्त असेल तर ब्रेक आणखी तापतात. आणि कापसाच्या ढिगावर मजूर बायांना बसवणे बंद करा. मालगाडीत माणसे वाहणे कायद्याला मान्य नाहीच, पण उद्या काही झाले तर त्या माऊलीच्या घरी कोणत्या तोंडाने जाणार?

शेवटी एक अवघड गोष्ट बोलतो. गाडी बरेचदा गावातला पोरगा रोजाने चालवतो. तो सांगतो, "भाऊ, पेडल खाली जाते." आपण म्हणतो, "एवढी खेप टाकून ये, मग दाखवू." भाव उतरायची भीती असते, भाडे बुडायची भीती असते, हे मी जाणतो. मीही दोन महिने असाच वागलो. पण रबराच्या किटचा खर्च एका खेपेच्या कापसापुढे काहीच नाही, आणि माणसाची तर किंमतच करता येत नाही.

म्हणून आज दोन गोष्टी ठरवून उठू. पहिली, प्रत्येक गावाने मालाची धावपळ वाढण्याआधी एक दिवस मिस्त्रीला बोलवावे आणि सगळ्या पिकअपचे ब्रेक एकदम तपासून घ्यावेत. खर्च वाटून घेतला तर कोणालाच जड जाणार नाही. दुसरी, चालवणाऱ्या पोराने पेडलबद्दल तक्रार केली तर त्या दिवशी गाडी भरायची नाही, आणि त्याचा रोज कापायचा नाही. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.