संमती कोणाची?

(मंडळाच्या पुणे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षणनिधी, विद्यार्थी वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर व्याख्याने होत आली. यंदा कार्यकारिणीने आम्हास खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा काही मंडळींनी विचारले की, हा विषय बँकांचा आणि बड्या कंपन्यांचा. ज्ञातीशी त्याचा संबंध काय? आमच्या मते संबंध अगदी निकटचा आहे. मंडळापाशी सर्वांत मोलाची ठेव कोणती? इमारत नव्हे, कायम निधीही नव्हे. आपल्या कुटुंबांची नोंदवही ही ती ठेव होय. घरोघरची माणसे, त्यांच्या जन्मतारखा, शिक्षण, प्राप्ती, गोत्र, पत्ता, दूरध्वनी, आणि वधूवर सूचीत तर उंची, वर्ण, चष्मा, पूर्वीचा विवाह मोडला असल्यास तेही. इतकी माहिती सरकारी कचेरीतही एका जागी सापडणार नाही.

संमती हा शब्द पुण्याच्या कानांना नवा नाही. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला त्या वेळी या शहरात केवढे रण माजले हे आपण वाचलेले आहे. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करावे की करू नये, येवढाच प्रश्न. परकीय सरकारने आमच्या आचारधर्मात हात घालू नये असे लोकमान्य टिळकांचे म्हणणे, तर डॉ. भांडारकर शास्त्राधार काढून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. दोघांची विद्वत्ता निर्विवाद. तथापि आज ती प्रकरणे वाचू लागले म्हणजे एक गोष्ट मनाला लागते. जिच्या संमतीसाठी हा सारा वाद, तिचा स्वतःचा शब्द त्यात फारसा ऐकू येत नाही.

पुढे सहाच वर्षांनी पुण्याने दुसरा धडा पाहिला. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि प्लेगच्या निवारणासाठी रँडसाहेबांची नेमणूक झाली. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कोठेच मज्जाव नव्हता. रोग्यास इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेत, सामान जाळीत. स्त्रियांची तपासणी उघड्यावर होते अशा तक्रारी झाल्या. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले आणि चापेकर बंधूंना काय शिक्षा झाली, ते येथे सांगावयास नको. आम्हास सांगावयाचे ते निराळे. प्लेग खोटा नव्हता. माणसे खरोखरच मरत होती आणि साथ आटोक्यात आणण्याचा हेतूही चांगलाच म्हणावा लागेल. परंतु हेतू चांगला असला म्हणजे विचारण्याची गरज उरत नाही, असे जे त्या वेळी धरले गेले, त्यानेच लोकांची मने पेटली.

याच प्रकरणी गोखल्यांची हकीकत सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी विलायतेत शिपायांच्या वर्तनाविषयी जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि आरोप सिद्ध करता येत नाहीत म्हणून जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमेबद्दल त्यांची पुष्कळ निर्भर्त्सना झाली. विश्वासाने सोपवलेले नाव न उघडण्यासाठी त्यांनी जी किंमत मोजली, तिची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

आता न्यायालयांकडे वळू. 1954 साली आठ न्यायमूर्तींच्या पीठाने, आणि 1962 साली खडकसिंगाच्या खटल्यात सहा न्यायमूर्तींच्या पीठाने, खासगीपणाचा असा स्वतंत्र मूलभूत हक्क घटनेत मान्य केला नाही. दुसऱ्या निकालाने पोलिसांचे मध्यरात्री घरात शिरणे तेवढे रद्द ठरवले. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मूलभूत असल्याचे सांगितले. त्या निकालात पुण्याच्या दृष्टीने एक विलक्षण योग आहे. आणीबाणीत, 1976 साली, नागरिकास स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दारही ठोठावता येत नाही असा निर्णय देणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. आणि तो निर्णय चुकीचा म्हणून पुसून टाकणारे 2017 चे मुख्य निकालपत्र लिहिले ते त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

हा खटला उभा राहिला होता आधार क्रमांकावरून. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती योजना राखली, परंतु कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारी तरतूद काढून टाकली.

यानंतर 2023 च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य कर्तव्ये अमलात आणण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. कायद्याचा गाभा सांगणे कठीण नाही. ज्याची माहिती, त्याची संमती. ती मोकळ्या मनाने दिलेली हवी, कशासाठी ते ठाऊक असून दिलेली हवी, त्या एका कामापुरती हवी आणि स्पष्ट कृतीने दर्शवलेली हवी. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. देणे जितके सोपे, तितकेच परत घेणे सोपे असले पाहिजे. काम संपले की माहिती पुसावयाची. संमतीची विनंती मराठीतून वाचावयास मागण्याचा हक्क आहे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे अॅप रोग्याकडे त्याच्या भ्रमणध्वनीतील सर्व ओळखीच्यांची यादी मागते. उपचारास तिची गरज नाही. म्हणून रोग्याने होकाराचे बटण दाबले तरी ती संमती त्या यादीपुरती पोहोचत नाही.

घरगुती कामासाठी आपण आपल्या भ्रमणध्वनीत नाती-गोती लिहून ठेवली, तर तो कायदा आड येत नाही. मंडळाची गोष्ट वेगळी. ज्ञाती म्हणजे एक मोठे कुटुंब असे आपण प्रेमाने म्हणतो, परंतु कायदा मंडळास संस्थाच समजतो, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. कागदावर भरलेला अर्जही संगणकात उतरवला की त्या कायद्याखाली येतो. माहितीची राखण नीट न केल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे; तो आकडा बड्यांसाठी आहे हे खरे, परंतु कर्तव्य लहानथोरांस सारखेच.

आता मुद्द्याचे बोलू. वधूवर सूचीचा अर्ज बहुधा वडील भरतात, क्वचित मामा वा आत्या. सही पालकाची. कन्या सव्वीस वर्षांची, हिंजवडीला नोकरी करणारी. तिला हे ठाऊक होते ते अनोळखी माणसाचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो तेव्हा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या वतीने वडिलांनी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. हे पुत्रासही लागू आहे, तथापि त्रासाचा वाटा कोणाच्या पदरात अधिक पडतो ते येथे बसलेल्या भगिनींना विचारावे. छापील सूची पूर्वी शे-दोनशे घरांत जाई आणि फडताळात पडून राही. आज तिचेच छायाचित्र एका क्षणात परगावी, परदेशी पोहोचते. विवाह ठरून मूल शाळेत गेले तरी ते फिरतच असते.

येथे वडीलमंडळी म्हणतील, आम्ही मुलांच्या भल्यासाठीच करतो. याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु भल्याच्या हेतूविषयी 1897 च्या संदर्भात जे म्हटले, तेच येथे पुन्हा म्हणावे लागते.

आणखी एक बाब आपल्यासारख्या मंडळांनी ध्यानी घ्यावी. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 साली जो मसुदा दिला, त्यात जात ही संवेदनशील माहिती गणली होती. 2023 च्या कायद्यात अशी वेगळी वर्गवारीच उरली नाही. हे आम्हास पटत नाही. आपल्याला आपल्या ज्ञातीचा अभिमान आहे. परंतु भाड्याची खोली शोधणाऱ्या वा नोकरीस अर्ज करणाऱ्या माणसाने ती कोणास सांगावी आणि कोणास सांगू नये, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. सरकारास आपल्या खात्यांना या कायद्यातून वगळण्याची जी विस्तृत मुभा ठेवली आहे, तीही आम्हास खटकते. मात्र दिल्लीचा कायदा सुधारण्याआधी आपला अर्ज सुधारणे आपल्या हाती आहे.

तो कसा असावा? सही ज्याची माहिती त्याची. छायाचित्र, दूरध्वनी, प्राप्ती व पत्रिका यांसाठी चार निरनिराळ्या खुणा. एखादी कोरी ठेवली म्हणून नाव नाकारू नये. विवाह ठरताच, वा मनात येईल तेव्हा, एका पोस्टकार्डाने किंवा संदेशाने नाव काढता यावे. स्थळाविषयी पहिला दूरध्वनी मंडळाच्या कार्यालयात यावा, घरी नव्हे. शिष्यवृत्तीसाठी घेतलेली प्राप्तीची माहिती वर्गणी मागण्यास वापरू नये. अल्पवयीन मुलांची नावे नोंदवताना आईवडिलांची पडताळलेली संमती घ्यावी.

राहता राहिल्या जुन्या सूची. त्या स्कॅन करून सर्वांस खुल्या कराव्यात अशी सूचना या संमेलनापुढे आली आहे. कुलवृत्तान्त लिहिणारास त्यांचा उपयोग आहे हे आम्ही जाणतो. परंतु त्यांतील पुष्कळ माणसे हयात आहेत, काहींचे त्या पानांवरील विवाह जमले नाहीत, काहींचे मोडले. कार्यकारिणीने कंत्राट देण्यापूर्वी निदान गेल्या चाळीस वर्षांचे खंड बाजूस काढावेत आणि त्यांतील हयात व्यक्तींस प्रत्येकी पत्र घालावे. पत्राचा मराठी मसुदा आम्ही चिटणीसांकडे दिला आहे.