येतेय की जातेय?

माहुलच्या आमच्या बचत गटाकडून आज एक छोटी गोष्ट सांगतो. छोटी, पण तिने एकदा आम्हाला घाम फोडला होता.

आमची खाडी तुम्हाला ठाऊक आहे, थंडीत रोहित पक्षी उतरतात तीच. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बायका चिंबोऱ्या, निवट्या धरायला आत जातात. कार्तिकातली पुनव होती. पुनवेला आमच्याकडे संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते, मग उधाणाचं पाणी भराभर चढतं. सूर्य समोर शिवडीकडे टेकला होता. आम्ही काठावर गटाचा हिशेब करत बसलो होतो आणि आमच्यातल्या एक काकी आत होत्या. त्यांची नुसती काळी आकृती हलताना दिसत होती. "आल्या हो काकी," कुणीतरी म्हणालं. आम्ही परत वहीत डोकं घातलं.

थोड्या वेळाने त्यांची सून उठली. "आई मघाशी खुंटाच्या अलीकडे होत्या. आता खुंट त्यांच्या अलीकडे दिसतोय!"

काकी विसरलेली पाटी आणायला आणखी आत चालल्या होत्या. थाळी बडवली, हाका मारल्या. परतल्या तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. वर आम्हालाच ओरडल्या, एवढा गोंधळ कशाला म्हणून.

चूक डोळ्यांची नव्हती. उजेड मागून असला की तोंड आणि पाठ सारखीच काळी दिसते. चारशे मीटरवरची बाई पंचवीस मीटर पुढे सरकली तरी दिसायला शंभरात सहा भागच लहान होते. ते कसं कळणार? स्वीडनमध्ये योहान्सन नावाच्या संशोधकाने १९७३ साली दाखवलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर नुसते दिवे लावले तरी तो चालतोय हे लगेच ओळखू येतं. पुढे इतरांना आढळलं, की अशी आकृती येतेय की जातेय हे स्पष्ट नसलं, तर बहुतेकांना ती आपल्याकडेच येतेय असं वाटतं. आम्ही तर काकींची वाटच बघत होतो!

म्हणून पायांची हालचाल बघू नका, खुंट बघा. माणूस खुंटाला झाकतोय की खुंट माणसाला? खुंट नसेल तर एकाच जागी बसून पावलांकडे बघा. सपाट चिखलात पावलांची जागा वर सरकत गेली तर माणूस दूर चाललाय, खाली आली तर जवळ येतोय.

आता आमच्यात ठरलंय, परत फिरलं की दोन्ही हात वर करायचे. काकी एकच करतात, दुसऱ्या हातात पाटी असते म्हणे.