मोडीतली जहाजे आणि रयतेची मुले
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी तरुणांपुढील भाषण)



डोंगरमाथ्यावरच्या रयतेपुढे जहाजांची गोष्ट कशाला, असे आपणांस वाटेल. पण आपला नाणेघाट खणला गेला तो कशासाठी? कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरास चढावा म्हणूनच ना? शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींनी आरमार उभारले, तेही कोळी-भंडाऱ्यांच्या बळावर. तेव्हा समुद्र आपणांस परका नाही. परके ठेवले ते त्याच्या विद्येपासून.

इंग्रजी अमदानीत हिंदी खलाशी जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढी आणि हुकूम गोरा अधिकारी करी. सन १९२७ त सरकारने सैन्य वाहून नेणारे आपले जुने जहाज ‘डफरिन’ मुंबई बंदरात शाळेसाठी दिले. त्यावर हिंदी मुले अधिकारीपण शिकू लागली. ते काम १९७२ पर्यंत चालले. सरकारास निरुपयोगी झालेली वस्तू पंचेचाळीस वर्षे विद्यादान करीत होती!

अमेरिकेत तर सरकारी वापरातून निघालेली जहाजे व सामग्री सागरी शाळांस देता यावी, असा कायदाच आहे. आपल्याकडे ‘विक्रांत’ १९९७ साली सेवेतून निघाली आणि २०१४ साली सुमारे साठ कोटींना मोडीत गेली. एवढे धूड कोणत्याही शाळेस पोसवणार नाही, हे कबूल. परंतु मोडीत निघणाऱ्या सरकारी जहाजांवरील इंजिने, पंप, होकायंत्रे व जीवरक्षक होड्या शाळांस का देऊ नयेत? यंत्रास हात लागल्याशिवाय यंत्र कळत नाही.

मात्र एक अट हवी. जी शाळा असा माल फुकट घेईल, तिने शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांस कमी फीत जागा व वसतिगृह द्यावे. नाहीतर माल रयतेच्या कराचा आणि लाभ पैसेवाल्याचा, हा जुनाच खेळ पुन्हा होईल.

आईबापांनो, दहावी झालेल्या मुलास खलाशी-शिक्षणाची आणि बारावीस गणित, भौतिक व रसायन घेतलेल्या मुलास वा मुलीस अधिकाऱ्याच्या प्रवेशपरीक्षेची वाट आहे. शेत गहाण ठेवून दलालाच्या हाती पैसे देऊ नका. शाळेस जहाजवाहतूक महासंचालकांची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहा. आणि ग्रामसभेत ठराव करून वरील मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे पाठवा. मागितल्याशिवाय रयतेस आजवर काही मिळालेले नाही.