विहिरीतला बिबट्या आणि आमचा कॅमेरा



जखमी वन्य प्राण्यांची सुटका, शुश्रूषा आणि त्यांची छायाचित्रे हा विषय आम्ही निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "प्राणी वाचवायचा की त्याचा फोटो काढायचा? दोन्ही एकदम कसे जमावे?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

जुन्नर तालुका आपणांस शिवनेरीमुळे ठाऊक आहे. तेथे कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याने बिऱ्हाड थाटले. दडायला दाट आडोसा, खायला कुत्री आणि शेळ्या. मग रान हवे कशाला? मादी पिले घालते तीही उसातच. ऊसतोड सुरू झाली की ती पिले उघडी पडतात. दुसरे संकट विहिरींचे. कठडा नसलेल्या विहिरी रात्रीच्या अंधारात दिसत नाहीत आणि भक्ष्यामागे धावणारे जनावर आत कोसळते. अशा बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे.

अशाच एका विहिरीची हकीकत सांगतो. ती आमच्या चुकीची आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दी जमली होती. बिबट्या पंपाच्या पाइपाला पंजे रोवून कसाबसा तग धरून होता. आम्ही काठावर ओणवे झालो आणि प्रकाशझोत चमकवला. जनावर दचकले, त्याची पकड सुटली आणि ते पाण्यात गेले. शेजारचे म्हातारे शेतकरी शांतपणे म्हणाले, "सायेब, आधी त्याला वर येऊ द्या. फोटू काय, मागनं बी निघंल." पुढे लोकांनी दोरांनी बाज खाली सोडली, दमलेले जनावर तिच्यावर चढले, आणि गर्दी हटवल्यावर पिंजरा उतरवून त्याला वर काढले. ते जगले. पण त्या दिवशी आम्ही पुन्हा कॅमेरा उचलला नाही.

पशुवैद्यांकडून नंतर कळले की घाबरलेल्या वन्य प्राण्याला नुसती जखमच मारते असे नाही. भीती आणि धडपड यांनी स्नायूंना इजा होऊन तो काही दिवसांनीही दगावू शकतो. शिवाय माणसांची सवय झालेले पिलू पुढे रानात सोडणे कठीण. म्हणून आम्ही स्वतःस काही नियम घालून घेतले: झोत नाही, बोलणे नाही, जवळ जाणे नाही, डॉक्टरांनी "पुरे" म्हटले की पुरे.

या परिसरातले आम्हाला सर्वांत प्रिय असलेले चित्र तर कोणीच काढलेले नाही! उसात सापडलेली पिले तपासून, संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतात आणि माणसे दूर होतात. मागे राहतो तो झाडाला बांधलेला, हालचालीने आपोआप चालू होणारा कॅमेरा. रात्री मादी येते, खोके हुंगते, आणि पिलाला मानेशी धरून काळोखात निघून जाते. चित्र करडे, धुरकट. कलेच्या प्रदर्शनात त्याला कोणी बक्षीस द्यायचे नाही. पण ते पाहून समजते की येथे सर्वांत मोठी मदत म्हणजे आपण तेथून निघून जाणे.

ज्याची शेळी गेली तो म्हणेल, "जनावर उचलून दूर न्या की!" त्याचे दुःख खरे आहे, आणि या भागात माणसेही बळी पडली आहेत, हे विसरून चालणार नाही. परंतु 2001 पासून जुन्नर भागात बिबटे धरून दूर सोडण्याचा प्रयोग झाला, आणि अभ्यासकांना आढळले की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडला. तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. 2011 मध्ये रस्त्यावर वाहनाखाली सापडून तो मेला. पिंजऱ्याचे दार उघडले म्हणजे सुटका पुरी झाली, असे नव्हे.

दार उघडल्याचे चित्र सर्वांना आवडते. पण ज्यांना कधीच सोडता येणार नाही, ते जन्मभर जाळीआडच राहतात. त्यांचे चित्र कोणी मागत नाही; तेही आम्ही काढतो, लांबून. कठडा बांधायला पैसे कमी पडतात तेव्हा गावच्या सभेत तेच दाखवतो.

आता त्या स्नेह्यांचे उत्तर. दोन्ही जमते, पण क्रम चुकता कामा नये. तो क्रम आम्हाला कोणत्याही ग्रंथाने नव्हे, विहिरीच्या काठावरच्या एका म्हाताऱ्यांनी शिकवला.