लवकर येणारी कपाशी कशी ओळखावी?

(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या सोलापुरात १८७७ साली 'जुनी गिरणी' सुरू झाली, तेथे सूत आणि चादर घरोघरी परिचयाची. परंतु कपाशीचे झाड निरखून पाहिलेली माणसे विरळाच. आपल्यापैकी ज्यांची जमीन बार्शी-करमाळ्याच्या बाजूस आहे, त्या घरांतील तरुण मंडळी दरवर्षी "लवकर येणारे बियाणे द्या" म्हणतात आणि दुकानदार देईल ती पिशवी, बहुधा उधारीवर, घरी आणतात. पिशवीवरील शब्द खरा की खोटा, हे झाड स्वतःच सांगत असते. ते कसे वाचावे, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

आपल्याकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो व ऑक्टोबरात निरोप घेतो. हलक्या कोरडवाहू जमिनीत ओल पुढे फार टिकत नाही. पात्याचे फूल होण्यास सुमारे ३ आठवडे, आणि फुलाचे बोंड होऊन उकलण्यास ४५ ते ५० दिवस लागतात. ऑगस्टअखेरचे फूल ऑक्टोबरच्या मध्यास कापूस देते. सप्टेंबरअखेरच्या फुलास मात्र कोरड्या मातीवर बोंड पोसावे लागते. शिवाय शेंदरी बोंडअळी हंगामाच्या उत्तरार्धातच फोफावते. २००६ साली दोन जनुकांचे बीटी वाण आले, तेव्हा ती कायमची गेली असे पुष्कळांस वाटले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याने तिचा प्रताप पाहिला. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, फरदड ठेवू नये, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. वाणच उशिराचा असेल, तर हा उपदेश पाळावा कसा?

आता झाडाकडे वळू. कपाशीस दोन जातींच्या फांद्या. गळफांदी खालून निघून खोडासारखी उभी वाढते आणि स्वतः थेट पाते धरीत नाही. फळफांदी आडवी, नागमोडी. तिच्या पेरापेरावर पाते. खोडाच्या तळाशी बीजपत्रांचे दोन समोरासमोर व्रण दिसतात. त्यांच्या वरून एक-एक पेर मोजीत जावे. पहिली फळफांदी पाचव्या-सहाव्या पेरावर आढळली, तर वाण लवकरचा. नवव्या-दहाव्यावर आढळली, तर उशिराचा समजावा. खोडावर नवे पेर येण्यास सुमारे ३ दिवस लागतात. म्हणजे चार पेरांचा फरक हा १२ दिवसांचा फरक होय. बारा दिवसांत सोलापूरचे आभाळ किती पालटते, हे येथे सांगावयास नको.

दुसरी खूण बोंडांच्या जागेची. वरच्या फळफांदीचे पहिले फूल सुमारे ३ दिवसांनी येते, पण त्याच फांदीवरील पुढच्या फुलास सुमारे ६ दिवस लागतात. सबब, ज्याची बोंडे खोडालगत, पेरे आखूड व गळफांद्या मोजक्या, ते झाड लवकर रिकामे होते. उंच, हिरवेगार, पसरलेले झाड पाहून शेजारी वाहवा करतात. आमच्या मते ती वाहवा बहुधा पानांची असते.

मोजणी एकाच शेतात, एकाच दिवशी पेरलेल्या किमान दहा झाडांवर करावी. दाट पेरणीनेही पहिली फळफांदी वर सरकते. किडीने खालची पाती गळाली असतील तर व्रण पाहावेत, नाही तर वाणावर अन्याय होईल.

आम्ही लवकरपणाचे भाट नव्हे. ऑगस्टात उघडीप पडून पहिली पाती गळाली, की लवकरच्या वाणास सावरण्यास अवधी उरत नाही. आणि खोल काळ्या जमिनीत विहिरीचे पाणी असेल, तर लांब मुदतीचा वाण अधिक कापूस देऊ शकतो. अंतिम पुरावा तराजूचा. पहिल्या वेचणीचे वजन वेगळे लिहावे, सर्व वेचण्यांची बेरीज करावी आणि पहिलीचा वाटा काढावा. ज्या घरांत यंदा कपाशी आहे, त्यांनी पेरांचे आकडे व ही वजने वहीत टिपून पुढील मेळाव्यास आणावीत. पिशवीवरील वाणाचे नावही शेजारी लिहावे.